आबांच्या गाडीचा पंप

"आप्पाचा हात आता पयल्यासारखा न्हाई राहिला."

शटरपलीकडच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं. शटर अर्धं खाली होतं, म्हणून मला फक्त पाय दिसत होते. चिखल वाळलेले सँडल आणि त्यांच्या शेजारी रबरी चपला.

"का? काय झालं?" रबरी चपलावाल्याने विचारलं.

"आरं, मांडवगणच्या आबांची ती बुटकी गाडी न्हाई का. काल इनामगावच्या फाट्याला बसली. पंप जाम. ट्रॅक्टरनं वढत आणली."

"डिझेलवाल्यानं पेट्रोलच्या नादी लागूच ने."

"पेट्रोलचं सोड. वय झालं त्याचं. डोळं गेलं की ह्या कामात काय ऱ्हातंय?"

आप्पा म्हणजे माझे वडील; घरात मी त्यांना पप्पा म्हणते. ते आत टेस्ट बेंचपाशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी हे ऐकलं की नाही, ते मला कळलं नाही. त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा फडक्याने एक पाना पुसू लागला. तो पाना आधीच स्वच्छ होता.

माझ्या हातात झेरॉक्सच्या पानांचा गठ्ठा होता. पंप का जाम झाला ते त्यातल्या एका पानावर लिहिलं होतं. ते मला माहीत होतं. पंप जाम होण्याच्या आधीपासून माहीत होतं.

शिरूरमध्ये आमची पंपरूम आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, जुन्या जीप, बोअरच्या मशीन, ज्यात म्हणून डिझेल आहे त्याचा पंप आमच्याकडे यायचा. तो बेंचवर चढवायचा, मोटर चालू करायची आणि प्रत्येक सिलिंडरला तो किती तेल मारतो ते काचेच्या नळ्यांमध्ये मोजायचं. सगळ्या नळ्या एका रेषेत भरेपर्यंत एकेक स्क्रू केसभर हलवायचा. पंपाच्या आत एलिमेंट असतात. एलिमेंट म्हणजे बोटाएवढा पोलादी दांडा आणि तो ज्यात वरखाली होतो ती त्याची जोडीची नळी. दांडा सैल झाला तर तेल गळतं, घट्ट झाला तर तो अडकतो. पप्पा ही जोडी घासायची बारीक पेस्ट लावून हाताने चोळून जमवतात. तालुक्यात दुसरं कुणी हे करत नाही, आणि आता कुणाला त्याची फारशी गरजही नाही. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, कधी किती तेल मारायचं ते तो ठरवतो. त्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात. आमच्याकडे आठवड्याला एखादा पंप आला तर आला. तरी पप्पा रोज सकाळी बेंच पुसतात.

आबांनी त्यांचा पंप गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन आणला होता. मांडवगणला त्यांचा मोठा बागाईत मळा आहे. तरुणपणी त्यांनी मुंबईहून परत जाणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून दोन सीटची गाडी घेतली होती. हिरवी, लांब नाकाची, कमरेइतक्या उंचीची. कितीतरी वर्षं ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. त्या काळच्या पेट्रोल गाड्यांना साधारणपणे कार्बोरेटर असायचा. हिला मात्र सहा एलिमेंटचा पंप होता, दिसायला अगदी डिझेलच्या पंपासारखा, प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल मारणारा. पुण्यातल्या दोन गॅरेजवाल्यांनी त्याला हात लावायला नकार दिला होता.

आबांबरोबर त्यांचा मुलगा आला होता. गॉगल डोक्यावर, हातात दोन फोन.

"आप्पा, तुम्हीच सांगा ह्यांना," तो पप्पांना म्हणाला. "पुन्यात माणूस तयार हाय. हे इंजिन काढायचं आन् जपानी चार सिलिंडरचं घालायचं. वायरिंग, ईसीएमचा कॉम्प्युटर, सगळं त्याच्यासंगट. चावी मारली की चालू. एसीपन बसंल."

"एसी कुनाला? गाडीत काय द्राक्षं ठिवायचीत का?" आबा म्हणाले.

"मग दोन कार्बोरेटर तरी लावा. ह्यो पंप टाका भंगारात."

"माझ्या गुडघ्याला वाटी बसवली तवा तू न्हाई म्हनलास, आबाच बदलून आनू."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. "सहा सिलिंडरचं इंजिन हाय," ते पप्पांना हळू म्हणाले, "त्याचा आवाज मला म्हाईत हाय. दुसरं घातलं तर नुसता पत्रा राहील माझा."

पप्पांनी पंप हातात घेऊन उलटासुलटा केला. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी इतका खुललेला पाहिला मी. "पेट्रोलचा हाय," ते म्हणाले, "पन भाऊबंद आमचाच हाय."

ते लोक गेल्यावर ते मला म्हणाले, "बाळा, ह्यो चालला तर बघ. असल्या जुन्या गाड्या लई हायेत पुन्यामुंबईला. त्यांचे पंप येतील. बेंच चालू ऱ्हाईल." मग जरा थांबून, "न्हाईच चालला तर करू बंद. तुझ्या मामाच्या टायरच्या दुकानात बसीन." टायरच्या दुकानाचं त्यांनी हसत सांगितलं. पण त्यांना ते दुकान आवडत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पंपाचं मॅन्युअल आबांकडे झेरॉक्सच्या रूपात होतं, सगळं इंग्रजीत. पप्पा इंग्रजी वाचत नाहीत. मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात काम करते. कुठला पार्ट का बाद झाला त्याचं कारण एका ओळीत लिहायचं, हेच माझं काम. त्यामुळे ऑफिसातून आले की मी स्टुलावर बसून पानं वाचायची आणि मराठीत सांगायची, हे ठरून गेलं.

मला बोलायला आवडत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात आईपप्पांचं गावाकडचं बोलणं, आणि मी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. शाळेत मराठीला हसायचे, इथे माझ्या पुस्तकी मराठीला हसतात. पहिल्याच आठवड्यात मी एक वाक्य सांगताना "वंगण" म्हणाले. लुब्रिकेशनला मराठीत काय म्हणतात ते मी फोनवर शोधलं होतं. आबांचा मुलगा तेव्हा पंप बघायला आला होता.

"वंगण!" तो ओरडला. "अवो ताई, ते बैलगाडीच्या चाकाला घालत्यात. इथं ऑइल म्हना, ऑइल."

त्यानंतर तो मला "वंगणताई" म्हणू लागला. टपरीवरच्या लोकांनीही ते उचललं. यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मला मात्र शटरखालून आत येताना दर वेळी मान खाली घालावीशी वाटायची.

पप्पांनी सहाही एलिमेंट काढले, चोळले, जमवले. महिना गेला. पंपाचे सुटे भाग परत जोडायचा दिवस रविवार होता. गाडीही तोवर मांडवगणहून आमच्या अंगणात आणून ठेवली होती. आबांचा मुलगा होता, टपरीवरचे दोघंतिघं होते. पंपाच्या कडेला, वरच्या अंगाला, एक छोटं भोक होतं. त्याला आटे होते पण नळी नव्हती. गाडीच्या इंजिनावरचं त्याच्यासमोरचं नळीचं तोंडही आधीच्या कुणी मेकॅनिकने बंद करून टाकलेलं होतं.

"ह्या भोकाला काय काम न्हाई," पप्पा म्हणाले. "खालच्या पेटीत ऑइल भरलंय की. आपल्या पंपांना कुठं अस्तंय असलं? ठेवलं उघडं तर कचरा जाईल." त्यांनी खोक्यातून एक आखूड बोल्ट आणि तांब्याचा वॉशर शोधला.

माझ्या मांडीवर तेव्हा तेच पान होतं. त्यावर लिहिलं होतं की त्या भोकातून इंजिनाचं ऑइल दाबाने थेट एलिमेंटना पोचलं पाहिजे. डिझेल स्वतःच तेलकट असतं, त्यामुळे डिझेलच्या पंपात दांड्यांना वेगळं ऑइल लागत नाही. पेट्रोल कोरडं असतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. पप्पांनी बोल्टाला पहिला आटा दिला.

"पप्पा, इथे..." मी म्हणाले.

"काय वंगणताई?" आबांचा मुलगा म्हणाला. "वंगण संपलं का?"

टपरीवरचे हसले. पप्पाही हसले, थोडेसे, आणि हसतच त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय बाळा?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी बोल्ट आवळला.

मी स्वतःला समजावलं. त्यांनी तीसेक वर्षं पंप उघडलेत, मी एक पान वाचलंय. मॅन्युअलवाले उगाच जास्त काळजीचं लिहितात. संध्याकाळी घरी सांगू, तिथे कुणी नसेल. संध्याकाळी पप्पा इतके खूश होते की सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पंप बेंचवर चढला तेव्हा मला वाटलं की मीच चूक होते. सहा नळ्या, सहाही एका रेषेत. पप्पांनी आईला बोलावून दाखवलं. बेंचवर तासन्‌तास पंप फिरला, कुठे खर्र नाही की गरम नाही. बेंचमध्ये पेट्रोल नसतं, डिझेलसारखं तेलकट टेस्टिंगचं तेल असतं, हे मला माहीत होतं. पण मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. खरं लिहायचं तर, केला आणि बाजूला ठेवला.

गाडी आमच्या अंगणात चालू झाली. तो आवाज मला सांगता येणार नाही. सहा सिलिंडरचा, एकसारखा, खालच्या पट्टीतला. आबा स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. त्यांच्या मुलाने फोनवर सगळं घेतलं आणि तोही म्हणाला, "मानलं आप्पा तुम्हाला." मग आबा आणि पप्पा मांडवगणकडे निघाले. पप्पांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता.

तासाभराने त्यांचा फोन आला. "कुनाचा तरी ट्रॅक्टर पाठव," एवढंच म्हणाले.

सहापैकी दोन एलिमेंट अडकले होते. पप्पांनी ते काढले, दिव्याखाली धरले. दांड्यांवर उभे ओरखडे होते, कोरडे, काळपट. पप्पा बराच वेळ भिंग लावून बसले. मग त्यांनी चांगल्या राहिलेल्या चार जोड्या घेतल्या आणि त्यांची पारख केली. दांडा अर्धा बाहेर ओढायचा, जोडी उभी धरायची आणि सोडायचा. बरोबर जमलेला दांडा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली जातो. चारही सावकाश गेले. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा गेले. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ते त्याच चार जोड्या उभ्या धरून बसलेले असायचे.

"ह्या दोन मी टाइट चोळल्या असणार," ते आईला म्हणाले. "कळलंच न्हाई मला. बोटाला कळायला पायजे होतं."

"मग नव्या बनवा की. डबाभर जुने एलिमेंट पडलेत," आई म्हणाली.

"कशासाठी बनवू? का जाम झाला ते सापडल्याबिगर दुसरं एलिमेंट घालायचं म्हंजी त्यालाबी मारायचं."

हा त्यांचा नियम होता. कारण हातात आल्याशिवाय ते उघडलेला पंप कधी परत जोडत नसत. ह्या वेळी त्यांनी सगळीकडे शोधलं होतं. पेट्रोल गाळून पाहिलं, स्प्रिंगा मोजल्या, दांडे वर ढकलणारा कॅम पाहिला. सगळं ठीक होतं. उरले होते फक्त ते स्वतः.

आबांच्या मुलाने आठ दिवस दिले. आठव्या दिवशी पिकअप येणार, गाडी पुण्याला जाणार, इंजिन निघणार. आबांनी फोन मुलाच्याच हातात देऊन टाकला, असं पप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी ते पान गठ्ठ्यातून काढलं, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवून ऑफिसला नेलं. ते मी कुणापासून लपवत होते, कोण जाणे. आमच्या घरात ते वाचू शकणारी मी एकटीच होते. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुकांची कारणं टाइप करत होते आणि पायाशी ती पिशवी होती. दुपारी डबा उघडला. मनात मी वाक्य तयार करत होते. आधी इंग्रजीत सुचायचं, मग मराठीत आणताना लाज वाटायची. पप्पा, तुम्हाला एक सांगायचं होतं. पप्पा, रागावू नका. पुढे जायचंच नाही. सांगितलं तर ते विचारणार, तेव्हा का नाही बोललीस? आणि त्याचं उत्तर एवढंच होतं की चार माणसं मला हसली होती.

पाचव्या दिवशी मी सुट्टी काढली, कारण पप्पा म्हणाले, "दौंडला चलतीस का?" दौंडला त्यांचा जुना सोबती आहे. त्याचीही पंपरूम होती. एसटीत मी खिडकीपाशी बसले. भीमेचा पूल आला तेव्हा मी ठरवलं, पुलाच्या पलीकडे गेलो की सांगायचं. पलीकडे गेलो. पप्पा समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसले होते आणि त्यांच्या अंगठ्याच्या रेघांत पेस्टचा काळा रंग होता, जो कधीच जात नाही. मी बाहेर बघत राहिले.

त्या काकांच्या दुकानात आता इलेक्ट्रिक स्कूटर होत्या. पांढऱ्या, निळ्या, रांगेत. त्यांचा बेंच मागे होता, त्यावर चार्जरची खोकी रचलेली. पप्पांनी खिशातून रुमालात बांधलेले दोन्ही दांडे काढून दाखवले. काकांनी चष्मा वर करून पाहिलं.

"चोळताना चुकलं?"

"दुसरं काय असनार?"

"होतंय आप्पा," काका म्हणाले. "माझं तर कवाच झालं. डावा डोळा धुकाटतो. आपलं वय काय आता केसाएवढा फरक मोजायचं हाय का?" त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "बेंच द्यायचा असंल तर सांग. बारामतीकडला एक जन विचारत होता."

"सांगतो," पप्पा म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय पोरी, बरोबर हाय का न्हाई? बापाला आता आराम पायजे."

पान माझ्या पर्समध्ये होतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून किळस येते.

परतीच्या एसटीत पप्पा झोपल्यासारखे बसले होते, पण झोपले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी मामाला फोन केला. मी आतल्या खोलीत होते. "पुढच्या महिन्यापासनं येतो," असं म्हणताना त्यांचा आवाज एखाद्या अनोळखी साहेबाशी बोलावं तसा होता. आईने गॅसखालचा ओटा दोनदा पुसला. जेवण अर्धंच झालं होतं. मी ताट घेऊन उठले आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. सांगितलं तर त्यांचं माझ्याकडे बघणं कायमचं बदलेल, आणि नाही सांगितलं तर ते आयुष्यभर स्वतःच्या बोटांना दोष देत टायर विकतील. दोन्हींतलं काय निवडायचं हे कुणालाही कळलं असतं. मलाही कळत होतं. तरी आणखी दोन दिवस गेले.

आठव्या दिवशी सकाळी पिकअप आली. मागे फळ्या लावून गाडी वर चढवायची तयारी होती. आबांचा मुलगा दोन माणसांना सूचना देत होता. आबा स्वतः आले होते. ते गाडीजवळ गेले नाहीत, आमच्या स्टुलावर काठी धरून बसले. टपरीवरचेही जमले. मी ऑफिसला जायचे कपडे करून दारात उभी होते. कंपनीची बस येऊन गेली.

"आप्पा, मनाला लावून घ्यू नका," आबांचा मुलगा म्हणाला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. "तुम्ही लई केलं. नवं इंजिन पडल्यावर पयली चक्कर तुम्हाला."

पप्पांनी पंप गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. तो दोन्ही हातांनी उचलून ते आबांसमोर गेले.

"आबा," ते म्हणाले, "इंजिनचा दोष न्हाई, पंपाचाबी न्हाई. दोन एलिमेंट मी बिघडवले. माझ्याकडं द्यायलाच नको होता तुम्ही. चूक माझी."

आबांनी पंप घेतला नाही. "बिघडवले म्हंजी कसं? कळू द्या तरी."

"आता काय सांगू. म्हाताऱ्या मानसाची चोळाचोळ." पप्पा हसायला गेले आणि त्यांना जमलं नाही. त्यांची हनुवटी हलली. मी माझ्या वडिलांना तसं कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

मी पर्समधून पान काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. मी अंगणात उतरले. आबांच्या मुलाने माझ्याकडे बघितलं, टपरीवरच्यांनी बघितलं, आणि पप्पा म्हणाले, "तुझी बस गेली का गं?" सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी बोलले, आणि आवाज माझाच आहे असं मला वाटलं नाही.

"पप्पा, ते कडेचं भोक बंद करायचं नव्हतं. त्यातून एलिमेंटना ऑइल जातं, पेट्रोलवर ते कोरडे फिरले म्हणून अडकले, सगळं इथे लिहिलंय. तुम्ही बोल्ट आवळत होता तेव्हाच मी हे वाचलं होतं, आणि मी सांगितलं नाही."